पोपटी अभ्रे

देवळाली प्रवरा
१० डिसेंबर १९७२

चि. शालन हिला आशीर्वाद.

मी भागिरथी. तुझ्या वडिलांशी माझा पाट लागला त्याला आज अठरा दिवस झाले. तू आली नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही आत्याकडे भिंगारलाच बसून राहिले असते, तेव्हा त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

माझी ओळख तुला कुणी नीट करून दिली नसेल. वय तेहतीस. राहुरीला बायकांचा शिवणवर्ग चालवते. माझं पहिलं लग्न चौदाव्या वर्षी झालं, एकोणिसाव्या वर्षी ते वारले. तेव्हा मशीनवर बसले ती आजपर्यंत.

तुझी आई गेल्यापासून तीन वर्षं मागची खोली बंदच होती म्हणे. तुझे वडील कारखान्यातून आले की ओसरीवर पडायचे. मी आले त्या दिवशी त्यांनी कुलूप काढलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि आत पाऊल न टाकता निघून गेले. आत लोखंडी पलंग, खिडकीत चिमणीनं भरलेल्या काड्या आणि दोन उशा, अभ्रे नसलेल्या. पेटीत थोरल्या बाईंनी, तुझ्या आईनं, भरतकाम केलेले सहा अभ्रे आहेत. ते मी पाहिले आणि घडी न मोडता परत ठेवले.

ते वापरायचे की नवे शिवायचे? तुझ्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "घाल काय बी." पण मला वाटतं, हे ठरवायचा पहिला हक्क तुझा आहे. नवे म्हणालीस तर कापडही तूच निवड. भिंगारच्या बाजारात सुती कापड चांगलं मिळतं. अडीच वार पुरेल. तू जे पाठवशील ते मी शिवीन.

भागिरथी


भिंगार
१९ डिसेंबर १९७२

सौ. भागिरथीबाई यांस,

पत्र मिळाले. आईच्या अभ्र्यांना हात लावू नये. ते मी मोठी झाल्यावर नेणार आहे.

कापड निवडले आहे. शेजारच्या रंगुबाई राहुरीला माहेरी चालल्या आहेत, त्यांच्याकडे पुडके दिले आहे. मला हेच आवडले. खोलीला शोभून दिसेल.

मार्चमध्ये मॅट्रिकची परीक्षा असल्यामुळे पत्रे लिहायला वेळ नाही.

शालन


देवळाली प्रवरा
२ जानेवारी १९७३

चि. शालन,

तुझं कापड पोचलं. पुडकं उघडलं आणि मी जरा वेळ बसूनच राहिले. पोपटी रंग आणि त्यावर केशरी सूर्यफुलं, एकेक फूल भाकरीएवढं!

सुती कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात अभ्रा आटतो आणि उशी कोंबावी लागते. यंदा पाण्याचे हाल तुला माहीतच आहेत, तरी घमेलंभर पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि कापड बुडवलं. पाणी हिरवंगार. त्याच पाण्यात मी शहाणपणानं तुझ्या वडिलांचा गंजीफ्रॉक टाकला होता. तो घालून ते कारखान्यात गेले. तिथल्या लोकांनी त्यांना दिवसभर राघू म्हणून हाक मारली.

अभ्रे मात्र मी मन लावून शिवले. फूल बरोबर मध्यावर घेतलं, आत झाकणाची पट्टी ठेवली, कडेला दुहेरी शिवण घातली. शेजारच्या आक्काबाई बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं बया! खोलीत जत्रा भरली का काय?" मी म्हणाले, "आमच्या शालननं निवडलंय." मग त्या लगेच म्हणाल्या, "तसं बरं हाय. उजेड पडलाय."

तुझे वडील दोन दिवसांनी सकाळी चहा पिताना म्हणाले, "डोळं मिटलं तरी फुलं दिसत्यात गं." आणि हसले. मी आल्यापासून त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. आक्काबाई म्हणतात, त्यांनीही तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

कापडाचा पोत खरंच चांगला आहे. सूत घट्ट आहे. फक्त रंगीताला पांढऱ्यासारखं सोड्यात उकळता येत नाही, डाग लपतो आणि अभ्रा कुबट होतो. अभ्यास कसा चालला आहे?

भागिरथी


भिंगार
१६ जानेवारी १९७३

सौ. भागिरथीबाई यांस,

तुमचे पत्र मी चार वेळा वाचले. तुम्ही रागावाल असे मला वाटले होते. रागवावे म्हणूनच ते कापड घेतले होते.

ते दुकानात दोन वर्षे पडून होते. दुकानदार म्हणाला, "बाळ, मांडवाला पायजे का?" मी म्हटले, नाही, उशांना. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटले, असे अभ्रे असले म्हणजे त्या खोलीत कुणाला झोपच यायची नाही आणि ती पुन्हा बंद होईल. आई त्याच खोलीत गेली. मी तिच्या पायाशी बसले होते.

तुम्ही शिवणाच्या बाई आहात म्हणून सांगते. आईच्या अभ्र्यांवर 'शुभ रातरी' असे भरलेले आहे. ते चुकलेले आहे हे मला माहीत आहे. आई मोठेपणी अक्षरे शिकली होती, माझ्याच पाटीवर. तुम्ही ते पाहिले असेल आणि हसला असाल.

आबा हसले हे खरे का?

अभ्यास चालू आहे. भूमिती सोपी जाते, इंग्रजी अवघड. सकाळी लष्कराच्या ग्राउंडवर शिपाई धावायला येतात तेव्हा मी उठते.

ते पोपटी काढून टाकले तरी चालेल.

शालन


देवळाली प्रवरा
३ फेब्रुवारी १९७३

चि. शालन,

'शुभ रातरी' मी पाहिलं होतं. हसले नाही. त्यातला एकेक टाका मोजून घातलेला आहे. माझ्या वर्गातल्या दहा बायकांत एकीला तसं जमत नाही. तुझे वडील हसले हे अगदी खरं.

आज लिहायचं कारण वेगळं. काल भावोजींचं, म्हणजे तुझ्या आत्याच्या यजमानांचं पत्र आलं. तुझं लग्न ठरतंय. मुलगा त्यांच्या धाकट्या भावाचा, आसाराम यांचा, पाथर्डीकडचा. तू होकार दिला आहेस आणि मंगळवारी तेरा तारखेला सुपारी फोडायची असं लिहिलं आहे. तुझे वडील म्हणाले, "पोरीला पसंत हाय तर आपन कोन मोडनार?" त्यांनी उलट टपाली होकार कळवला.

मला जरा नवल वाटलं. तू मला भूमितीचं लिहिलंस, शिपायांचं लिहिलंस, पण याचा एक शब्द नाही. परीक्षा तर महिन्यावर आली. पण तुला मनापासून हवं असेल तर मी कोण मध्ये बोलणार? अंथरुणा-पांघरुणाचं सगळं शिवण माझ्याकडं. तुझ्या खोलीला कसले अभ्रे हवेत ते कळव.

भागिरथी


भिंगार
७ फेब्रुवारी १९७३

सौ. भागिरथीबाई,

मी होकार दिलेला नाही. मला कुणी विचारलेच नाही!

आत्याने मला सांगितले की हे सगळे तुमचे आहे. तुम्ही आबांना म्हणालात, पोर किती दिवस दुसऱ्याच्या दारी ठेवायची, एकदाची उजवून टाका. मला ते खरे वाटले. मला वाटले, पोपटी कापडाचा राग तुम्ही असा काढलात. म्हणून मी काही लिहिले नाही. आबांना तरी कशाला लिहायचे, त्यांनीच ठरवले असे वाटले.

मला परीक्षेला बसायचे आहे. मुख्याध्यापक म्हणतात, मला पहिला वर्ग मिळेल. लग्न झाले की संपले. मुलगा वाईट नाही, मी त्याला लहानपणी पाहिला आहे. पण मला आत्ता लग्न नको.

हे पत्र मी शाळेत मधल्या सुट्टीत लिहीत आहे. अक्षर वाईट आले आहे. तुम्ही माझ्या कोणी नाही आणि मी तुमच्याशी वाईट वागले. तरी तुम्हालाच लिहीत आहे.

शालन


(पोस्टकार्ड)
देवळाली प्रवरा
१० फेब्रुवारी १९७३

चि. शालन,

पत्र पोचलं. अभ्यास कर. मंगळवारी रोजच्यासारखी शाळेत जा. घरी थांबू नकोस. हे कार्ड कुणी वाचलं तरी हरकत नाही.

भागिरथी


भिंगार
१६ फेब्रुवारी १९७३

ती. बाई,

तुम्ही काय केलंत?

मंगळवारी मी शाळेत गेले. फळ्यावर काय लिहिलं होतं ते मला अजून आठवत नाही. पाच वाजता घरी आले तर दारात चपला नाहीत. चटई गुंडाळून ठेवलेली. नारळ तसाच, न फोडलेला, फडताळात. आत्या चुलीपुढं पाठ करून बसलेली. सहादेवमामा, आत्याचे यजमान, म्हणाले, "जा, हातपाय धू, पुस्तक घे." एवढंच. मी विचारलं, कोण आलं होतं? तर आत्या म्हणाली, "तुझा बाप आन् त्याची बायको." आणि पदरानं डोळे पुसले.

आज तीन दिवस आत्या माझ्याशी बोलत नाही. पण सकाळी उठले की माझ्या पुस्तकांशेजारी दुधाचा पेला ठेवलेला असतो. साखर घालून. पूर्वी कधी ठेवत नव्हती.

मला सगळं सांगा. एक शब्द गाळू नका.

शालन


देवळाली प्रवरा
२० फेब्रुवारी १९७३

चि. शालन,

गाळत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझे वडील जेवायला बसले होते. मी ताटासमोर बसून मोठ्यानं वाचलं. 'तुम्ही माझ्या कोणी नाही' हेही वाचलं. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "भिंगारच्या आक्काला शबूद दिलाय." मी म्हणाले, "तुम्ही शब्द दिलात तो पोरगी 'हो' म्हणाली म्हणून. ती तर न्हाई म्हणतीय." ते उठले, हात धुतला, सायकल काढून कारखान्यात गेले. मला वाटलं, झालं, आता काही होत नाही. संध्याकाळी आले आणि दारातूनच म्हणाले, "मंगळवारची रजा टाकलीय. तू बी चल."

आम्ही पोचलो तेव्हा चटई अंथरली होती. आसाराम भावोजी पांढरा फेटा बांधून बसले होते. वन्संनी, तुझ्या आत्यानं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कशाला? पाटाच्या बाईचं सुपारीत काय काम?"

असं बोलणं मला नवं नाही, पण चारचौघांत लागतंच. तुझे वडील म्हणाले, "मीच आनलीय, आक्का. बसू दे तिला." ते एवढं बोलले म्हणून मला पुढचं बोलता आलं.

मी सहादेव भावोजींचं पत्र पिशवीतून काढलं. म्हणाले, "यात लिहिलंय, शालननं होकार दिला. कुणाजवळ दिला?"

सहादेव भावोजी वन्संकडं बघायला लागले.

वन्सं म्हणाल्या, "पोरीला काय इचारायचं? मला कुनी इचारलं हुतं?"

"मलाही नव्हतं विचारलं, वन्सं," मी म्हणाले. "शाळेतनं आले तर अंगणात मांडव. पुस्तकाची पिशवी कुठं गेली ते मला आजवर कळलं नाही. पुढं विधवा झाल्यावर, तेविसाव्या वर्षी, लहान पोरांच्या शेजारी बसून मी सातवी दिली. ती दिली नसती तर आज भावाच्या दारात भांडी घासत असते."

आसाराम भावोजींनी विचारलं, "परीक्षा कवा हाय पोरीची?"

"मार्चात," तुझे वडील म्हणाले.

"वयनी, तुमी तर मला शाळा सुटली म्हनून सांगितलं." ते उठले. रागावले नव्हते. "पोरीच्या मनात न्हाई तिथं माझं पोरगं कशाला उभं करू? देऊ द्या तिला परीक्षा." आणि जाताना तुझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. मोठा माणूस. त्यांना कुठं भेटलीस तर वाकून नमस्कार कर.

आता वन्संचं. ते गेल्यावर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, "शेवंता गेली तवा पोर माझ्या पदराला धरून आली. उद्या तू तिला घरी न्हेऊन राबवलीस म्हंजी? माझ्या दिराच्या घरी दिली तर माझ्या डोळ्यापुढं नांदंल." शालन, त्या खोटं बोलल्या, पण माझ्या भीतीपोटी बोलल्या. सावत्र आईच्या हाती तुला द्यायची नव्हती त्यांना. तीन महिनेसुद्धा झाले नाहीत मला या घरात येऊन. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "वन्सं, परीक्षा होईपर्यंत ती तुमच्याचकडं राहू दे. तिच्या खाण्यापिण्याचं तुम्हीच बघा." त्यांनी हो म्हटलं नाही. पण दुधाचं तू लिहिलंस ते वाचून मी समजले.

परत येताना बस दोनदा थांबली. रस्त्याच्या कामावर बायका उन्हात खडी फोडत होत्या. तुझे वडील त्यांच्याकडं बघत म्हणाले, "तू आज केलंस तेच शेवंता असती तर तिनं बी केलं असतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

भागिरथी


भिंगार
५ मार्च १९७३

ती. बाई,

परीक्षेला सात दिवस राहिले. तरी काल रविवारचा एक तास मी काढला आणि बाजारात गेले. आत्या बरोबर आली! गेल्या सोमवारपासून बोलायला लागली आहे. पहिलं वाक्य, "त्या पोपटी अभ्र्यांचं समद्या राहुरीत हसं झालंय, रंगुबाईनं सांगितलं. चल, धड काहीतरी घेऊ."

यावेळी मी खरं निवडलं. दुकानदारानं तीन कापडं काढली. गुलाबी फुलांचं मऊ होतं, पण उजेडात धरलं तर आरपार दिसत होतं, दोन महिन्यांत विरलं असतं. दुसरं जाड, ते रात्रभर गालाला टोचलं असतं. तिसरं पांढरं, त्यावर बारीक निळी रेघ. ते मी गालाला लावून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "आता बराबर." आत्या म्हणाली, पांढऱ्यावर जालिंदरच्या, म्हणजे आबांच्या, डोक्याचं तेल दिसंल. मी म्हटलं, दिसू दे. पांढरं सुती उकळता येतं, सोड्यात घातलं की निघतं. रंगीत असलं की डाग लपतो आणि अभ्रा कुबट होतो. आत्या म्हणाली, "ह्ये कुठं शिकलीस?" मी तुमच्या पत्रांतनं शिकले.

अडीच वारच घेतलं. आबांना सांगा की आता डोळे मिटले तरी काही दिसणार नाही.

दुसरं. आईचे अभ्रे पेटीतून काढा. तिनं ते पेटीत ठेवायला भरले नव्हते. दिवाळीला घालायची, पाहुणे आले की घालायची. मी तुम्हाला हात लावू नका म्हटलं, पण मीही त्यांना हात लावत नव्हते. पाडव्याला दोन घाला. मी परीक्षा झाली की येईन तेव्हा मला त्यांच्यावर झोपायचं आहे. 'रातरी' दुरुस्त करू नका.

येताना तुमच्यासाठी इथून काही आणू का?

शालन


भिंगार
१२ जून १९७३

ती. आबा आणि ती. बाई,

निकाल लागला!

सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी पोचले तर आधीच गर्दी. नंबर बघताना डोळ्यांपुढं आकडे नाचायला लागले, म्हणून मी मामांना म्हटलं, तुम्ही बघा. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "पैला वर्ग." मला खरं वाटेना. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी आत बोलावलं. शाळेतल्या सगळ्या मुलींत मी पहिली. मुलं धरली तर दुसरी! गणितात शंभरात सत्त्याऐंशी. ते शिपायाला म्हणाले, हिला खुर्ची दे. मी त्या खोलीत दोनदा उभी राहिले होते, दोन्ही वेळा बोलणी खायला.

आत्यानं काय केलं ते ऐका. मामांना पेढे आणायला पिटाळलं आणि आम्ही राहतो त्या क्वार्टर्सच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या दारांत स्वतः गेली. प्रत्येक दारात एकच, "माझ्या शालनला दूध देऊन देऊन मी बशिवली हुती अभ्यासाला." मी मागं पेढ्यांचा पुडा धरून. पाथर्डीला आसाराम काकांना कार्ड टाकलं तेही तिनंच सांगून. त्यात लिहायला लावलं, 'तुमच्यामुळं'.

बाई, मला नगरला कॉलेजात सायन्सला जायचं आहे. मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज मामांनी आणला आहे, तो सोबत पाठवते. आबांची सही लागेल. आत्या म्हणते, वसतिगृह कशाला, भिंगार काय लांब आहे? त्यावर आमचं रोज भांडण चालू आहे आणि मला ते आवडतं.

मी शनिवारी येते. सुट्टीत घातले होते तसे आईचे अभ्रे घालून ठेवा.

शालन


देवळाली प्रवरा
१४ जून १९७३

चि. शालन,

तुझं पत्र पोस्टमन दुपारी घेऊन आला. तुझे वडील पाळीवर होते. मी वाट बघितली नाही. डोक्यावर पदर घेतला आणि तशीच कारखान्याच्या फाटकाशी गेले. वॉचमन म्हणाला, बायकांना आत सोडत नाहीत. मी म्हणाले, मग त्यांना बाहेर सोडा.

ते धावत आले. त्यांना वाटलं, घरात काही वाईट झालं. मी पत्र पुढं केलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग पत्र घेऊन आत पळाले. माझ्या लक्षात येईना. नंतर त्यांच्याबरोबरच्या एका कामगारानं सांगितलं. वर्कशॉपमध्ये गेले, लेथ मशीन बंद केलं. मग त्यांनी पत्रच शेजारच्या माणसाच्या हातात दिलं. त्यानं वाचून पुढच्याला दिलं. असं ते सगळ्या वर्कशॉपमधून फिरलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. आता त्या पत्रावर अक्षरांपेक्षा तेलाची बोटं जास्त आहेत. तुझ्या वडिलांनी ते घडी करून पाकिटात ठेवलंय आणि मला परत द्यायला तयार नाहीत.

संध्याकाळी ओसरीवर माणसं मावेनात. आक्काबाईंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. माझ्या शिवणवर्गातल्या दोघीजणी पोरींना घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, सातवीच्या पुढं किती वर्षं असतात, फॉर्म कुठं मिळतो. एकीचा नवरा मागं उभा होता. तोही ऐकत होता.

वसतिगृहाच्या अर्जावर तुझ्या वडिलांनी सही केली आहे. पालक म्हणून एकाच सहीला जागा होती, तरी त्यांनी खाली माझी घेतली.

आणि आता माझी बातमी. काल राहुरीला जाऊन मी मॅट्रिकचा बाहेरून बसायचा फॉर्म आणला. भरला. वय लिहिताना कारकुनानं मान वर करून बघितलं, मीही त्याच्याकडं बघितलं. इतिहास, मराठी माझं मी करीन. बीजगणित उघडलं तर क्ष आणि य सोडून मला काही ओळखीचं दिसलं नाही. तेव्हा शनिवारी येताना तुझी पुस्तकं आण, वह्याही आण. रविवारी सकाळी आठला ओसरीवर बसायचं. फी मिळणार नाही, जेवण मिळेल.

नापास झाले तर दोष मास्तरणीचा.

भागिरथी